ऐंशीला टेकलेल्या माजी राष्ट्राध्यक्षानं परत उभं राहावं का? एका वृद्धरोगतज्ज्ञाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: एखादा माजी राष्ट्राध्यक्ष अठ्ठ्याहत्तर-ऐंशीचा झालाय आणि परत निवडणूक लढवायची म्हणतोय, तर डॉक्टर म्हणून तुम्ही त्याला काय सांगाल, आणि कायद्यातच वयाची वरची मर्यादा घालून टाकावी का? विचारणाऱ्यांच्या डोळ्यासमोर अमेरिका आहे हे कळतंय, पण हा प्रश्न अर्जेंटिनात, ब्राझीलमध्ये, मलावीत आणि एकदा आपल्याकडेही येऊन गेलाय, त्यामुळे जरा मोठंच उत्तर देतो.

मी पुण्यात सव्वीस वर्षं फक्त म्हाताऱ्या माणसांची प्रॅक्टिस करतोय. कुठल्या पक्षाचं बरोबर आणि कुठल्याचं चूक यात मला पडायचं नाही, मला जे रोज ओपीडीत दिसतं त्यावरनं बोलतो. उत्तर आधी सांगून टाकतो. कायद्यात वयाचा आकडा नको. पण असा माणूस माझ्यासमोर येऊन बसला तर बहुतेक वेळा मी त्याला "साहेब, नका उभे राहू" असंच म्हणेन, आणि त्याचं कारण त्याचं वय नसेल, कारण हे असेल की "आता बास" असं त्याला तोंडावर म्हणू शकेल असं एकही माणूस त्याच्याभोवती शिल्लक राहिलेलं नसतं.

आधी वयाचं बघू. सत्तरीनंतर एकाच वयाच्या दोन माणसांमध्ये जितका फरक असतो तितका आयुष्यात आधी कधीच नसतो. ऐंशी वर्षांचे दोघं माझ्याकडे एकाच सकाळी येतात, एक पर्वती चढून आलेला असतो आणि दुसऱ्याला खुर्चीतनं उठवायला मुलगा लागतो, जन्मतारीख मात्र दोघांची सारखी. मोरारजी देसाई १९७७ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा ८१ चे होते आणि पुढे ९९ पर्यंत जगले. उलट अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १९४५ मध्ये पदावर असताना गेले ते ६३ व्या वर्षी. तेव्हा पंचाहत्तर म्हणजे बाद असा नियम केला तर काही चांगली माणसं उगाच घरी बसतील आणि साठीतली आजारी माणसं बिनबोभाट आत शिरतील.

पण म्हणून "वय हा फक्त आकडा आहे" असं जे लोक म्हणतात तेही मला पटत नाही. अमेरिकेच्या आयुर्मानाच्या तक्त्यांप्रमाणे ७८ वर्षांच्या सरासरी पुरुषाला पुढच्या चार वर्षांत मृत्यू येण्याची शक्यता साधारण पाचात एक असते. ८५ व्या वर्षी पाच वर्षांचा हिशोब धरला तर जवळपास निम्मे जातात. माजी राष्ट्राध्यक्ष सरासरी माणूस नसतो हे मान्य, त्याच्या दिमतीला उत्तम डॉक्टर असतात, तो सहसा शिकलेला आणि पैसेवाला असतो, त्यामुळे त्याचे चान्सेस बरे असतात. तरी डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, प्रमाण पासष्टीनंतर दर पाच वर्षांनी साधारण दुप्पट होत जातं, आणि ते पद बघून थांबत नाही.

आता जी गोष्ट बाहेरून दिसत नाही ती. आमच्याकडे तिला रिझर्व्ह म्हणतात. ज्यांनी जुनी स्कूटर चालवलीय त्यांना हे लगेच कळेल, पेट्रोलचा नॉब रिझर्व्हवर असला तरी सपाट रस्त्यावर गाडी तशीच पळते, मागे बसलेल्याला कळतसुद्धा नाही. ऐंशीच्या माणसाचं हृदय, मूत्रपिंड, मेंदू सगळं बऱ्यापैकी रिझर्व्हवर चाललेलं असतं. रोजचं जगणं छान चालू असतं. मग एक साधं लघवीचं इन्फेक्शन होतं, किंवा रक्तातलं सोडियम थोडं उतरतं, किंवा कोणीतरी झोपेची गोळी सुरू करतं, आणि माणूस एका रात्रीत भरकटतो. माझे एक पेशंट होते, निवृत्त हेडमास्तर, वय ८३, बँकेचे व्याज स्वतः तोंडी मोजणारे. लघवीचं इन्फेक्शन झालं आणि तिसऱ्या दिवशी त्यांना सख्खा मुलगा ओळखू येईना, भिंतीवर शाळेतली मुलं दिसायला लागली. याला डिलिरियम म्हणतात. पाच-सहा दिवसांनी ते परत शब्दकोडं सोडवत बसले होते. घरच्यांसाठी ते पाच दिवस म्हणजे एक वाईट आठवण, बस. पण राष्ट्राध्यक्षाचे असे पाच दिवस आले तर? सैन्य कोणाच्या हुकमात, सह्या कोणाच्या, आणि मुख्य म्हणजे हे पाच दिवस सुरू झालेत हे ठरवणार कोण?

ब्राझीलचे लुला यांचं उदाहरण तर आम्ही ज्युनियर डॉक्टरांना शिकवताना वापरावं असं आहे. हे गृहस्थ माजी राष्ट्राध्यक्ष म्हणून परत लढले आणि जिंकले, २००३ ते २०१० दोन टर्म झाल्या होत्या, २०२२ ला पुन्हा निवडून आले आणि जानेवारी २०२३ मध्ये ७७ व्या वर्षी परत शपथ घेतली. ऑक्टोबर २०२४ मध्ये घरी बाथरूममध्ये पडले, डोक्याला मागे लागलं, टाके घातले, काम चालू राहिलं. डिसेंबरमध्ये डोकं दुखायला लागलं म्हणून स्कॅन केला तर मेंदूभोवती रक्तस्राव, साओ पावलोला नेऊन तातडीनं ऑपरेशन. म्हणजे पडल्यावर दीड-दोन महिन्यांनी. म्हाताऱ्या माणसाचा मेंदू थोडा आक्रसलेला असतो, कवटी आणि मेंदू यांच्यात जागा झालेली असते, तिथल्या शिरा ताणलेल्या असतात, त्यामुळे रक्त हळूहळू साचत जातं आणि आठवडेच्या आठवडे काही कळत नाही. ("आजोबा पडले होते पण तेव्हा काही झालं नाही" हे वाक्य मी महिन्यातनं दोनदा तरी ऐकतो, म्हणून सांगतो, डोक्यावर पडलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे दोन-तीन महिने लक्ष ठेवा, चाल बदलली, सुस्ती आली, डोकं दुखायला लागलं तर लगेच स्कॅन करा.) लुला त्यातनं चांगले बरे झाले, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, ऐंशी पूर्ण व्हायच्या आठवड्यातच, २०२६ ची निवडणूक लढवणार असं त्यांनी जाहीर केलं. बाथरूममधली फरशी जर राष्ट्राध्यक्षाला ऑपरेशन टेबलपर्यंत नेऊ शकते तर उमेदवाराचं मूल्यमापन करताना ब्लड रिपोर्टपेक्षा त्याची चाल, तोल, नजर, रात्री किती वेळा उठतो, कुठल्या गोळ्या घेतो हे आधी बघायला पाहिजे.

आणि "माजी" या शब्दाबद्दल मला खास बोलायचंय, कारण त्याचा नेहमी उलटा अर्थ लावला जातो. लोक म्हणतात, अहो त्यांनी हे काम केलेलं आहे, त्यांना शिकायचं काय आहे? मला नेमकी तिथेच भीती वाटते.

माझ्याकडे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर यायचे, वय ७४, तीस वर्षं घाटातली ड्युटी केलेली. मुलगी म्हणत होती बाबांचं काहीतरी बिघडलंय, ते म्हणत होते मी अजून गावापर्यंत गाडी नेतो, विचारा कोणालाही. आणि खरंच नेत होते, एक ओरखडा नाही. मग एकदा पुलाच्या कामासाठी रस्ता वळवलेला होता, डायव्हर्जनचा बोर्ड लावलेला, तिथे ते थांबले आणि पुढे काय करायचं हेच सुचेना, पंधरा मिनिटं गाडी मधोमध उभी करून बसले. सराईत रस्ता हात आपोआप चालवत होते. नवीन रस्त्याला मेंदूचा पुढचा भाग लागतो, नियोजन, बेत बदलणं, मोह आवरणं, दोन गोष्टी एकदम डोक्यात धरणं, आणि नेमका तोच भाग वयानं आधी मंदावतो. शब्दसंपत्ती, जुनी माहिती, माणसं हाताळायची कला, भाषण ठोकायची लकब या गोष्टी शेवटपर्यंत टिकतात. म्हणून अनुभवी माणसाची घसरण सगळ्यात उशिरा उघडी पडते. माजी राष्ट्राध्यक्ष प्रचारात चमकतो कारण प्रचार हा त्याचा सराईत रस्ता आहे. डायव्हर्जनचा बोर्ड लागतो तो शपथ घेतल्यावर.

शिवाय माजी माणूस स्वतःला आठवतो तो दहा वर्षांपूर्वीचा. "मी हे करू शकतो" म्हणताना तो खोटं बोलत नसतो, पण तो जुन्या स्वतःबद्दल बोलत असतो. काही आजारांत तर आपल्याला काही झालंय हे न कळणं हाच आजाराचा भाग असतो, तिथे समजूत घालून उपयोग नसतो.

मग टेस्ट करा की, असं सगळे म्हणतात. मोका नावाची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तपासायची टेस्ट बातम्यांमुळे आता सगळ्यांना माहीत झालीय. २०१८ मध्ये ट्रम्प यांना तीसपैकी तीस मिळाले, २०२५ च्या तपासणीतही तीसपैकी तीस असं त्यांच्या डॉक्टरांनी जाहीर केलं. ही टेस्ट मी रोज करतो. दहा मिनिटं लागतात, घड्याळ काढायचं, सिंह-गेंडा-उंट ओळखायचे, पाच शब्द थोड्या वेळानं आठवून सांगायचे, शंभरातनं सात-सात वजा करायचे. सव्वीसच्या खाली मार्क आले तर पुढे तपासा असा तिचा अर्थ. ती गाळणी आहे. चांगले मार्क म्हणजे उघड डिमेन्शिया दिसत नाही, इतकंच. पहाटे तीनला उठवल्यावर, ताप असताना, दोन सल्लागार एकमेकांच्या विरुद्ध बोलत असताना हा माणूस कसा निर्णय घेईल हे सांगणारी दहा मिनिटांची टेस्ट जगात नाही. तासभर चालणारी न्युरोसायकॉलॉजिकल तपासणी बरीच जवळ जाते, पण ती एकदा करून भागत नाही, दरवर्षी करून आधीच्या वर्षाशी ताडून बघावी लागते. पासष्टीपासून दरवर्षीची नोंद असेल तर मला आलेख दिसतो, एकच आकडा असेल तर मला फक्त एक ठिपका दिसतो.

टीव्हीवर बघून निदान करणाऱ्यांबद्दलही एकदा स्पष्ट बोलतो. २७ जून २०२४ ची बायडन-ट्रम्प डिबेट झाली त्यानंतर मला फोन आले, डॉक्टर काय वाटतं, पार्किन्सन आहे का, डिमेन्शिया आहे का. मी कोणालाच उत्तर दिलं नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ पासून नियमच केलाय की न तपासलेल्या सार्वजनिक व्यक्तीचं निदान करायचं नाही, १९६४ ला गोल्डवॉटर या उमेदवाराबद्दल एका मासिकानं डॉक्टरांची मतं छापली होती त्यावरनं तो आला. नियम चांगला आहे. नाव चुकणं, शब्द अडकणं हे थकलेल्या पंचेचाळीसच्या माणसाचंही होतं. जे घडलं तेवढंच बोलावं: ८१ वर्षांच्या राष्ट्राध्यक्षानं २१ जुलैला माघार घेतली, तोपर्यंत मतदानाला साडेतीन महिने उरले होते, आणि पक्षाला नवा माणूस नीट निवडायला वेळच मिळाला नाही. ट्रम्प जिंकले आणि २० जानेवारी २०२५ ला ७८ वर्षं ७ महिन्यांचे असताना शपथ घेतली, तिथल्या इतिहासात शपथ घेतानाचं हे सगळ्यात जास्त वय, आधीचा विक्रम बायडन यांचाच होता.

आता लपवालपवीबद्दल, कारण माझा सगळा मुद्दा तिथे येऊन टेकतो.

अमेरिकेत हरून चार वर्षांनी परत आलेला पहिला राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड. १८९३ च्या मार्चमध्ये दुसऱ्यांदा शपथ घेतली आणि त्याच उन्हाळ्यात तोंडात, टाळूवर गाठ सापडली. वय फक्त ५६. बाजार कोसळलेला, बँका बुडत होत्या, उपाध्यक्ष चलनाच्या प्रश्नावर विरुद्ध मताचे, म्हणून १ जुलैला एका मित्राच्या बोटीवर, चालत्या बोटीवर, डॉक्टरांच्या टीमनं वरच्या जबड्याचा भाग काढून टाकला आणि जगाला सांगितलं साहेब मासेमारीला गेलेत. एका पत्रकारानं बातमी छापली तर त्यालाच खोटा ठरवला. खरं बाहेर आलं १९१७ मध्ये, त्या टीममधल्या एका सर्जननं स्वतः लिहिलं तेव्हा, म्हणजे क्लीव्हलंड जाऊन नऊ वर्षं झाल्यावर. ते ऑपरेशन वैद्यकीयदृष्ट्या अप्रतिम होतं, त्या काळात, हलत्या बोटीत, बाहेर एकही व्रण नाही. आणि तरीही वाचताना मला त्या डॉक्टरांची लाज वाटते, पत्रकाराला खोटं पाडलं त्याबद्दल.

१९१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना पक्षाघात झाला, डावी बाजू गेली, पत्नी आणि डॉक्टर यांनी महिनोन्‌महिने कोणाला जवळ फिरकू दिलं नाही, आणि त्या अवस्थेतही १९२० ला तिसऱ्यांदा उमेदवारी मिळेल अशी आशा त्यांना होती. १९४४ च्या मार्चमध्ये डॉ. ब्रुएन नावाच्या तरुण हृदयरोगतज्ज्ञानं रूझवेल्ट यांना तपासलं आणि हार्ट फेल्युअर, बेसुमार बीपी असं निदान केलं, पण नेमणुकीतले मोठे डॉक्टर वर्तमानपत्रांना तब्येत ठणठणीत म्हणून सांगत राहिले. ते चौथ्यांदा निवडून आले, शपथेनंतर तीन महिन्यांच्या आत गेले, आणि उपाध्यक्ष ट्रुमन यांना अणुबॉम्बच्या कामाची धड माहितीसुद्धा नव्हती.

ही वेगवेगळ्या वयांची, वेगवेगळ्या पक्षांची माणसं. समान धागा एकच, ज्यांना खरं माहीत होतं त्या प्रत्येकाची नोकरी, मान किंवा प्रेम त्या पेशंटवर अवलंबून होतं.

अमेरिकेत १९६७ ला पंचविसावी घटनादुरुस्ती आली. तिच्या तिसऱ्या कलमानं राष्ट्राध्यक्ष स्वतःहून तात्पुरता अधिकार सोडू शकतो, आणि ते वापरलंही जातं, २०२१ मध्ये बायडन यांच्या कोलोनोस्कोपीच्या वेळी कमला हॅरिस यांच्याकडे दीडेक तास अधिकार होते. चौथं कलम म्हणजे त्याला मान्य नसताना काढून घेणं, त्यासाठी उपाध्यक्ष आणि बहुसंख्य मंत्री यांनी सही करायची. ते आजवर एकदाही वापरलेलं नाही. कसं वापरतील? त्या सगळ्यांना त्यानंच निवडलेलं असतं. मी घराघरात बघतो ना, वडिलांच्या नावावर दुकान असेल तर तीन मुलं मिळूनसुद्धा गाडीची चावी मागू शकत नाहीत.

याचं सगळ्यात महागडं उदाहरण माझ्या मते हुआन पेरॉन. अर्जेंटिनाचे माजी राष्ट्राध्यक्ष, १९५५ ला सत्तेवरनं हाकलले गेले, अठरा वर्षं परदेशात, शेवटी माद्रिदला. १९७३ मध्ये परत आले, जवळपास ६२ टक्के मतं घेऊन जिंकले, ऑक्टोबरमध्ये शपथ घेतली तेव्हा नुकतेच ७८ चे झाले होते. हृदयाचा आजार होता आणि जवळच्या डॉक्टरांना तो माहीत होता. पक्षात डावे-उजवे एकमेकांच्या जिवावर उठलेले, उपाध्यक्ष कोण यावर एकमत होईना, म्हणून तिकिटावर दुसरं नाव टाकलं ते पत्नी इसाबेल यांचं, ज्यांना राज्यकारभाराचा काडीचा अनुभव नव्हता. १ जुलै १९७४ ला, नऊ महिन्यांच्या आत, पेरॉन गेले. इसाबेल राष्ट्राध्यक्ष झाल्या, खरी सूत्रं लोपेस रेगा नावाच्या त्यांच्या खासगी सचिवाकडे गेली, महागाई आणि खून वाढत गेले आणि मार्च १९७६ ला लष्करानं सत्ता घेतली. पुढच्या सात वर्षांत हजारो माणसं बेपत्ता झाली.

पेरॉन उभे राहिले नसते तर हे टळलं असतं असं मी म्हणत नाही, इतका सोपा इतिहास नसतो. पण त्या माणसानं वीस-तीस वर्षांत दुसरी फळी उभीच राहू दिली नाही, आणि मग दुसरी फळी नाही म्हणून त्यालाच परत यावं लागलं. माजी नेत्याला "साहेब तुमच्याशिवाय कोणी नाही" असं लोक सांगतात ना, ते ऐकल्यावर त्यानं आधी स्वतःला विचारावं की कोणी नाही ते का नाही.

मलावीचं उदाहरण ताजं आहे. पीटर मुथारिका, २०१४ ते २०२० राष्ट्राध्यक्ष, २०१९ ची निवडणूक कोर्टानं रद्द केली, २०२० च्या फेरनिवडणुकीत हरले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जिंकून ऑक्टोबरमध्ये ८५ व्या वर्षी परत शपथ घेतली. टर्म पाच वर्षांची, म्हणजे पूर्ण केली तर नव्वद. त्यांच्या घरात हा प्रसंग आधी घडून गेलाय. थोरले भाऊ बिंगू राष्ट्राध्यक्ष असताना एप्रिल २०१२ मध्ये हृदयक्रिया बंद पडून गेले. उपाध्यक्षा जॉयस बांदा यांच्याशी त्यांचं आधीच फाटलं होतं, पक्षातनं काढूनही टाकलं होतं. मृत्यूची अधिकृत बातमी दोन दिवस बाहेर आली नाही, त्यांना दक्षिण आफ्रिकेला नेलं, उपचार चालू आहेत असं सांगितलं गेलं, आणि तेवढे दोन दिवस देशाला राष्ट्राध्यक्ष आहे की नाही हेच लोकांना माहीत नव्हतं. शेवटी घटनेप्रमाणे बांदा यांनीच शपथ घेतली. गरीब देश, पण घटना टिकली, हे मला फार मोठं वाटतं. आता धाकट्या भावाच्या वेळी सगळं लक्ष उपाध्यक्षा जेन अन्साह यांच्याकडे पाहिजे, त्यांना कुठल्या बैठकींना बसवतात, कुठले कागद दाखवतात.

याच्या उलट बाजूची माणसंही आहेत, त्यांचं नाव घेतलंच पाहिजे. जिमी कार्टर एकाच टर्मचे राष्ट्राध्यक्ष, कायद्यानं ते कधीही परत उभे राहू शकले असते. २०१९ मध्ये, पंचाण्णवीला आले असताना, कोणीतरी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की मी नुसता ऐंशीचा असतो तरी राष्ट्राध्यक्षपदाचं काम मला झेपलं नसतं. ज्यानं ती खुर्ची आतून बघितलीय त्याचं हे मत मी माझ्या कुठल्याही टेस्टपेक्षा वर ठेवतो. आणि हा माणूस घरी बसलेला नव्हता, २००६ मध्ये ८२ चे असताना आपल्या लोणावळ्याला येऊन गरिबांसाठी घरं बांधायच्या कामात हातोडा घेऊन उभे होते. त्यांची आई लिलियन अडुसष्टाव्या वर्षी विक्रोळीला पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संस्थेची नर्स म्हणून आल्या होत्या. म्हणजे प्रश्न ताकदीचा नसतो, कामाच्या जातीचा असतो. भिंत बांधताना दमलात तर खाली बसता येतं.

आपल्याकडे २०१२ मध्ये माजी राष्ट्रपती कलाम साहेबांना परत उभं राहा म्हणून ममता बॅनर्जींपासून भाजपपर्यंत बरेच जण गळ घालत होते. ते ८० चे होते. त्यांनी नाही म्हटलं, मन तयार नाही म्हणून. २०१५ च्या जुलैमध्ये शिलाँगला विद्यार्थ्यांसमोर बोलता बोलता गेले. ती टर्म २०१७ पर्यंत होती, म्हणजे पदावर असते तर मधेच जागा रिकामी झाली असती, आणि तरी फार काही बिघडलं नसतं, कारण आपला राष्ट्रपती रोजचा कारभार बघत नाही आणि पुढची सोय घटनेत आहे. १९६९ मध्ये झाकीर हुसेन पदावर असताना गेले, उपराष्ट्रपती गिरी काळजीवाहू झाले, मग स्वतः निवडणूक लढवायला त्यांनीही राजीनामा दिला, तर सरन्यायाधीश हिदायतुल्ला, जे आधी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते, ते महिनाभर राष्ट्रपती म्हणून बसले. त्यासाठीचा कायदा त्याच वर्षी केला होता. म्हणून माझं म्हणणं आहे की पद कसलं आहे हे बघितल्याशिवाय वयाची चर्चाच करू नये. नामधारी पद असेल तर माझा विरोध पुष्कळ सौम्य होतो.

माझे वडील सर्जन होते. पासष्टीला त्यांनी ऑपरेशन थिएटरमधल्या सगळ्यात सीनियर सिस्टरना बाजूला घेऊन सांगितलं, "माझा हात चुकायला लागला की पहिल्यांदा मला तुम्ही सांगायचं, मुलाला नाही, मला." सहा वर्षांनी एका हर्नियाच्या ऑपरेशननंतर त्या हात धुताना त्यांच्याजवळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, आज गाठ दोनदा सुटली." त्यांनी पुढच्या आठवड्याची लिस्ट दुसऱ्या सर्जनकडे दिली आणि परत कधी चाकू हातात घेतला नाही. त्या बाईंची नोकरी वडिलांच्या हातात नव्हती, हॉस्पिटलच्या ट्रस्टकडे होती, हे मला फार उशिरा लक्षात आलं. तिथेच सगळं आहे.

तेव्हा ऐंशीचा माजी राष्ट्राध्यक्ष खरंच माझ्यासमोर बसला आणि उभं राहणारच म्हणाला, तर मी एवढं मागेन. सगळी तपासणी, नुसती मोका नाही, चालणं, तोल, कान, डोळे, गोळ्यांची यादी, झोप, तासभराची मेंदूची तपासणी, आणि ती त्यानं नेमलेल्या डॉक्टरांनी नाही तर विरोधी पक्षालाही मान्य असलेल्या तीन-चार डॉक्टरांनी करायची, अर्ज भरायच्या आधी, आणि टर्मभर दरवर्षी. निकालातलं मूळव्याध-प्रोस्टेट लोकांना कळायची गरज नाही, कामावर परिणाम करणारं जे असेल ते कळलंच पाहिजे. दुसरं, शुद्धीवर आणि तब्येतीत असतानाच त्यानं सही करून कागद करून ठेवायचा, की अमक्या खुणा दिसल्या तर अमकी व्यक्ती मला सांगेल आणि मी अधिकार सोडेन. गाडी चालवणाऱ्या आजोबांकडनं मी असा कागद करून घेतो, ते आधी चिडतात, पण पुढे वेळ आली की स्वतःचीच सही बघून चावी देतात. मुलानं मागितलेली चावी अपमान वाटते, स्वतःच्या सहीनं दिलेली वाटत नाही. आणि तिसरं, उपाध्यक्षाचं नाव. बायको नको, भाट नको, भांडण मिटवायला टाकलेलं नाव नको. उद्या सकाळी खुर्चीत बसवता येईल असं माणूस पाहिजे.

यातल्या एकालाही तो नाही म्हणाला तर माझं उत्तर नाही. तिन्हीला हो म्हणाला तर तो ८५ चा असला तरी मी त्याचं बीपी तपासून, बाथरूममध्ये पकडायला दांडे बसवून घ्या आणि झोपेची गोळी बंद करा एवढं सांगून त्याला पाठवेन.

मतदार म्हणून काय बघू असंही विचारलंय. भाषण बघू नका, ते शेवटपर्यंत चांगलंच होतं. कागद न बघता, अनोळखी पत्रकाराच्या प्रश्नांना तो किती वेळ उत्तरं देतो ते बघा, जिना उतरताना नजर पायाकडे जाते का बघा, आणि तब्येतीचं पत्रक कोणी सही केलंय ते वाचा. मग मतपत्रिकेवरचं दुसरं नाव वाचा आणि तो माणूस राष्ट्राध्यक्ष म्हणून तुम्हाला चालेल का ते ठरवा, कारण ऐंशीच्या उमेदवाराला मत देताना तुम्ही त्या दुसऱ्या नावालाही मत देत असता.